कार्डाची थकबाकी आणि लवकर निवृत्तीची बचत: आधी काय, किती आणि का

पंचेचाळिशीत नोकरी सोडायची म्हणून म्युच्युअल फंडात दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी न चुकता भरायची आणि त्याच वेळी क्रेडिट कार्डावरचे दीड-दोन लाख महिनोन्‌महिने फिरवत ठेवायचे, असं करणारी पगारदार मंडळी पुष्कळ आहेत. एसआयपी थांबवली तर चक्रवाढीचा फायदा बुडेल, ही त्यांची भीती. पण चक्रवाढ कार्डावरही चालते, चौपट वेगाने चालते आणि तुमच्या विरुद्ध चालते. त्यामुळे कर्ज आधी की बचत आधी, याचं उत्तर आकड्यांनी बरंचसं ठरलेलं आहे. विचार करायचा तो कुठली बचत थांबवायची, कुठली चालू ठेवायची आणि कार्ड नेमकं कसं फेडायचं याचा.

खरा दर किती?

बहुतेक बँकांच्या कार्डांवर थकबाकीचं व्याज महिन्याला ३ ते ३.७५ टक्के असतं. आपण ३.५ टक्के धरू. वर्षाचे झाले ४२. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. गृहकर्जाच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, पण कार्डाचं व्याज त्या सवलतीतून मुद्दाम वगळलेलं आहे. म्हणजे तुमच्या खिशातून जाणारा दर महिन्याला ४.१३ टक्के, सरळ हिशेबाने वर्षाला साडेएकोणपन्नास टक्के.

समोर बचतीच्या बाजूला काय आहे? पीपीएफवर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के मिळतात. ईपीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के मिळाले. शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडाकडून दीर्घ मुदतीत ११-१२ टक्क्यांची आशा धरता येते, पण ती आशाच, हमी नाही. पन्नास टक्क्यांपुढे टिकेल असं यात काहीच नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाचं ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे दर कायद्यानेच खाली येईल म्हणून वाट बघण्यातही अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मागची थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पूर्ण बिल भरणाऱ्याला वीस ते पन्नास दिवस फुकट मिळतात. थकबाकीदाराने आज किराणा स्वाइप केला की त्यावर आजपासूनच व्याज लागतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर कोणालाच मुदत नसते, वर रोख काढण्याचं शुल्क वेगळं.

एक उदाहरण, तीन वाटा

समजा पगार हातात ८०,००० येतो, घरखर्च ५०,००० आणि महिन्याला ३०,००० उरतात. कार्डावर १,८०,००० थकलेत. आजपासून कार्डावर नवीन खरेदी बंद.

पहिली वाट सगळ्यांच्या आवडीची: १०,००० एसआयपीला, २०,००० कार्डाला. कार्ड फिटायला १२ महिने लागतात आणि व्याज-कर मिळून सुमारे ४९,८०० रुपये जातात.

दुसरी वाट: एसआयपी थांबवून सगळे ३०,००० कार्डाला. सात हप्ते पूर्ण आणि आठव्या महिन्यात जेमतेम ११०० रुपये, की कार्ड मोकळं. व्याज-कर ३१,१००. आठव्या महिन्यात उरलेले आणि पुढचे चार महिने पूर्ण ३०,००० एसआयपीत टाकले, तर वर्षअखेरीस फंडात सुमारे १,५१,९०० होतात (फंडाला महिन्याला १ टक्का धरून). पहिल्या वाटेने गेलेल्याकडे त्याच दिवशी, शेवटच्या महिन्यात उरलेले पैसे धरूनही, १,३७,००० असतात. एसआयपी तब्बल सात महिने थांबवणारा वर्षाच्या आतच पंधरा हजारांनी पुढे गेला. चक्रवाढ बुडण्याची भीती इथे मिटायला हवी, कारण पुढच्या वीस वर्षांची वाढ या मोठ्या रकमेवर होणार आहे.

तिसरी वाट शिस्त असलेल्यांसाठी: महाग कर्ज स्वस्त कर्जात बदलायचं. १३ टक्के दराने वर्षभराचं १,८०,००० चं वैयक्तिक कर्ज घेतलं तर हप्ता १६,०७७ रुपये, एकूण व्याज १२,९०० च्या आसपास. प्रक्रिया शुल्क २ टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून ४,२४८. एकूण खर्च सतरा हजारांच्या थोडा वर, आणि दरमहा १३,९०० रुपयांची एसआयपी पहिल्या दिवसापासून चालू राहते. शुल्क वजा जाता वर्षअखेरीस फंडात १,७१,००० च्या वर. कागदावर ही वाट सर्वांत चांगली. तरीही ती सर्वांना सुचवता येत नाही, कारण कार्ड एकदम रिकामं होतं, मर्यादा पूर्ण खुली होते आणि बारा महिन्यांत त्यावर पुन्हा लाखभर चढले तर कर्जाचा हप्ता आणि कार्ड अशी दोन ओझी होतात. कर्ज घेतलं त्याच आठवड्यात कार्डाची मर्यादा अर्ध्यावर किंवा त्याहून खाली आणण्याची विनंती बँकेला करता येते. ती करायची तयारी नसेल तर दुसरी वाटच बरी.

किमान देय रकमेचं गणित

बिलावर ठळक छापलेली किमान देय रक्कम भरली की विलंब शुल्क टळतं आणि खातं नियमित दिसतं. तिचा उपयोग तेवढाच. अनेक बँका ती मुद्दलाच्या ५ टक्के अधिक महिन्याचं व्याज, शुल्क, कर आणि कार्डावरचे ईएमआय अशी काढतात. आपल्या १,८०,००० वर पहिल्या महिन्यात ९,००० मुद्दल आणि ७,४३४ व्याज-कर, म्हणजे १६,४३४ रुपये. वर्षभर फक्त किमान रक्कम भरत गेलात तर सुमारे ६८,३०० रुपये व्याज-करात जातात आणि थकबाकी अजून ९७,००० च्या वर असते. घात होतो तो यापुढे. थकबाकी घटते तशी किमान रक्कमही घटते, वर्षाने ती ८,९०० च्या आसपास येते. माणसाला वाटतं ओझं हलकं झालं, मग तो उरलेले पैसे दुसरीकडे वळवतो आणि कर्ज शेपटासारखं वर्षानुवर्षं लांबतं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेला बिलावर हा इशारा छापावाच लागतो. पुढचं बिल आलं की तो शोधून वाचा.

यावर उपाय म्हणजे हप्ता बिलाने ठरवायचा नाही, आपण ठरवायचा, आणि शेवटपर्यंत तेवढाच ठेवायचा. उदाहरणातले ३०,००० सातव्या महिन्यातही ३०,०००च.

थांबवायचं काय, ठेवायचं काय

लवकर निवृत्तीवरचा परदेशी, विशेषतः अमेरिकी सल्ला म्हणतो की आधी मालकाकडून मिळणारं जोड योगदान पदरात पाडून घ्या, मग कर्ज फेडा. आपल्याकडे ईपीएफ लागू असलेल्या नोकरदाराला हा प्रश्नच उरत नाही. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे आणि तितकेच मालकाचे, हे आपोआप कापलं जातं आणि त्याला हात लावायचा नाही. मात्र ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे व्हीपीएफ, चालू असेल तर तो थांबवा. ८.२५ टक्के मिळवण्यासाठी ४९.५ टक्के भरण्यात काहीच हशील नाही. काही कंपन्यांत व्हीपीएफ वर्षातून ठराविक वेळीच बदलता येतो, म्हणून पगार विभागाला आजच विचारून ठेवा.

पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात, नाहीतर खातं बंद पडतं आणि सुरू करताना प्रत्येक वर्षामागे ५० रुपये दंड लागतो. कार्ड फिटेपर्यंत ३१ मार्चच्या आत ५०० भरा, जास्त नाही. एसआयपी रद्द न करता 'पॉज' करता येते. बऱ्याच फंडांत तीन ते सहा महिन्यांची सोय असते. नुसतं खात्यात पैसे ठेवायचे नाहीत म्हणून हप्ता चुकवलात तर बँक मँडेट बाउन्सचं शुल्क लावते. त्यापेक्षा रीतसर पॉज करा आणि ज्या तारखेला एसआयपी जायची त्याच तारखेला तेवढी रक्कम कार्डाला पाठवा.

मुदत विमा आणि आरोग्य विमा चालूच. एक महिन्याच्या घरखर्चाएवढी रक्कम बचत खात्यात ठेवा, आपल्या उदाहरणात ५०,०००. ही रक्कम कार्डात ओतायचा मोह होतो, पण मग पुढचं दवाखान्याचं बिल किंवा गाडीची दुरुस्ती पुन्हा कार्डावरच जाते आणि सहा महिन्यांची मेहनत वाया जाते. सहा महिन्यांच्या खर्चाचा मोठा आपत्कालीन निधी कार्ड फिटल्यावर.

याउलट, सात टक्क्यांची मुदत ठेव जपून ठेवणारे आणि कार्डावर व्याज भरणारे लोक खूप आहेत. ठेव मोडली तर व्याजात अर्धा-एक टक्का कपात होते. ती सोसून ठेव मोडा. भिशीची उचल लागली असेल तर तीही कार्डाकडेच. आधीचा म्युच्युअल फंड विकायचा का? एक वर्षाहून जुन्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. वर्ष झालं नसेल तर नफ्यावर २० टक्के कर आणि बऱ्याच फंडांत १ टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्याचं शुल्क. एवढं देऊनही महिन्याला ४.१३ टक्के वाचणार असतील तर विकणं फायद्याचंच. ईएलएसएस या करबचतीच्या फंडात पैसे तीन वर्षं काढता येत नाहीत आणि ती तीन वर्षं प्रत्येक हप्त्याला वेगळी मोजली जातात, तेवढं तपासा.

एक अपवाद मात्र खरा आहे. तुम्ही अजून जुन्या करप्रणालीत असाल, ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि ईपीएफ धरूनही ८०सी ची, म्हणजे करबचतीच्या गुंतवणुकीवरच्या वजावटीची, दीड लाखाची मर्यादा भरली नसेल, तर मार्चमध्ये भरलेल्या ५०,००० वर उपकरासह १५,६०० रुपये कर वाचतो. तेच ५०,००० कार्डाला न दिल्याचं व्याज सहा महिन्यांत सुमारे १३,७०० आणि सात महिन्यांत १६,४०० होतं. म्हणजे कार्ड सहा महिन्यांत नक्की फिटणार असेल तर करबचत पुढे, नाहीतर कार्ड. नव्या करप्रणालीत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू धरली जाते, ही वजावटच नाही. तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

स्वस्त कर्ज कुठून

पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेचे सभासद असाल तर पहिला फोन तिथे करा. दर बहुधा खासगी वैयक्तिक कर्जापेक्षा कमी असतो आणि हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे चुकत नाही. मुदत ठेवीवर कर्ज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के वर मिळतं. पीपीएफ खातं तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर दोन वर्षांपूर्वीच्या शिलकीच्या २५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पीपीएफच्या दरावर फक्त १ टक्का जास्त देऊन, आणि ते ३६ महिन्यांत फेडायचं असतं. सोनं तारण ठेवणं अनेक घरांत जिवावर येतं, पण कपाटातले दागिने आणि कार्डावरचं व्याज यांची तुलना करताना भावना थोडी बाजूला ठेवावी लागते. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपकडे वळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कार्डाचीच थकबाकी ईएमआयमध्ये बदलून देण्याचा फोन बँकेकडून येतो. इथे दोन प्रश्न विचारा. दर घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच? 'महिन्याला फक्त १ टक्का' फ्लॅट असेल तर बारा महिन्यांच्या मुदतीत तो घटत्या शिलकीच्या हिशेबाने वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. दुसरा, जीएसटी धरून किती? कार्डावरच्या ईएमआयचं व्याजही कार्डाचंच व्याज, त्यामुळे १५ टक्के म्हणजे प्रत्यक्षात १७.७. तरीही पन्नासपेक्षा ते पुष्कळच कमी. बदलून घेतल्यावर दर महिन्याचं बिल पूर्ण भरायचं, कारण ईएमआय पूर्ण रकमेने किमान देयमध्ये धरला जातो आणि उरलेली खरेदी थकली तर तिच्यावर पुन्हा जुनाच दर.

पहिल्या आठवड्याची कामं

थकलेलं कार्ड जिथे जिथे साठवलंय तिथून काढा: खरेदीची ॲप, टॅक्सी, ओटीटी, फास्टॅग. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तेही सोडवा. चहा-भाजीचे पैसे स्कॅन करून देताना ते क्रेडिटमधून जातायत हे कळतही नाही. ऑटोपे तपासा. कित्येकांनी कार्ड घेतानाच 'किमान रक्कम' निवडलेली असते आणि बिल आपोआप भरलं जातंय अशा समजुतीत ते वर्षं काढतात.

हप्ता देय तारखेची वाट न बघता पगाराच्या दिवशी भरा. कार्डाचं व्याज रोजच्या शिलकीवर लागतं. ३०,००० रुपये १८ दिवस आधी भरले तर जीएसटीसह सुमारे ७३० रुपये वाचतात, तेही काही न करता. सध्याची बिलाची तारीख पगाराशी जुळत नसेल तर ती बदलून मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

दोन-तीन कार्डं थकली असतील तर पुस्तकी नियम सांगतो की सर्वांत जास्त दराचं आधी. आपल्याकडे कार्डांच्या दरांत फरक पाव-अर्ध्या टक्क्याचा असतो, म्हणून सर्वांत लहान थकबाकी आधी संपवली तरी नुकसान किरकोळ होतं. उलट ते कार्ड लवकर शून्य होतं, त्याची बिनव्याजी मुदत परत मिळते आणि दरमहा सांभाळायची एक तारीख कमी होते. बाकीच्यांवर तोवर किमान रक्कम न चुकता.

कर्ज हाताबाहेर गेलं असेल आणि बँक 'सेटलमेंट' देत असेल तर सही करण्याआधी समजून घ्या: कमी रकमेत प्रकरण मिटतं, पण सिबिल अहवालात खातं 'सेटल्ड' म्हणून नोंदलं जातं आणि पुढे गृहकर्ज मागताना ती नोंद आडवी येते. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तक्रारीवर बँकेने ३० दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

निवृत्तीच्या रकमेशी याचा संबंध

लवकर निवृत्तीचं प्रसिद्ध सूत्र आहे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट गंगाजळी. ते विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये अमेरिकेच्या बाजारांच्या आकड्यांवर, तीस वर्षांची निवृत्ती धरून मांडलेल्या कामातून आलं. पंचेचाळिशीत थांबणाऱ्या माणसाला चाळीसहून जास्त वर्षं काढायची असतात आणि आपली महागाई अमेरिकेपेक्षा जास्त राहत आली आहे. त्यामुळे ३३ पट धरणं शहाणपणाचं. महिन्याला ५०,००० खर्च असलेल्या घराला आजच्या भावाने सुमारे दोन कोटी लागतात. सहा टक्के महागाईने पंधरा वर्षांनी तीच रक्कम पावणेपाच कोटींच्या घरात जाते.

याच सूत्राने महिन्याचा एक हजार रुपयांचा कायमचा खर्च म्हणजे चार लाखांची गंगाजळी. कार्ड सहसा एखाद्या मोठ्या संकटाने फुगत नाही, महिन्याला पाच-सहा हजारांच्या सवयीने फुगतं. तेवढ्या खर्चाची व्यवस्था निवृत्तीत करायची तर वीस-चोवीस लाख जास्त साठवावे लागतात. म्हणून थकबाकी कशामुळे झाली ते शोधायला मागची बारा बिलं समोर ठेवून एक संध्याकाळ द्या. दवाखाना किंवा लग्नासारखं एकदाच आलेलं कारण असेल तर फेडलं की विषय संपला. दर महिन्याला तीच नावं दिसत असतील तर नुसतं फेडून भागणार नाही, निवृत्तीचा आकडाही त्या खर्चावर पुन्हा मांडावा लागेल.

पैसा कुठे साठवायचा हेही वयावर ठरतं. एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, टियर १ हे मुख्य खातं मुळात साठीच्या हिशेबाने बांधलेलं आहे, पीपीएफ पंधरा वर्षांचं. पंचेचाळीस ते साठ या मधल्या वर्षांचा खर्च मुख्यतः कधीही काढता येणाऱ्या फंडांतून भागवावा लागतो. म्हणून कार्ड फिटल्यावर मोकळे झालेले पैसे आधी तिकडे वळवणं बरं.

शेवटच्या हप्त्यानंतर लगेच हात झटकू नका. बिलाची तारीख आणि तुम्ही पैसे भरल्याची तारीख यांमधल्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं, काही शे किंवा हजार-अकराशे रुपये. 'सगळं भरलं' म्हणून ते बिल उघडलंच नाही तर त्यावर विलंब शुल्क लागतं. सलग दोन बिलं शून्य आली की ऑटोपे 'पूर्ण देय रक्कम' वर करा आणि एसआयपी पॉजमधून बाहेर काढून पूर्ण ३०,००० वर न्या, जुन्या १०,००० वर नाही. यातले सुरुवातीचे काही महिने सहा महिन्यांच्या आपत्कालीन निधीसाठी लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या आणि पटकन पैसे काढता येणाऱ्या फंडात, जाऊ द्या. कार्ड बंदच करायचं ठरवलं तर शिल्लक शून्य करून लेखी अर्ज द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात.